जुना गीझर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

घरातील गीझरचा बिघाड बहुधा थंडीच्या तोंडावर लक्षात येतो, कारण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्याचा वापर कमी असतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा रोज चालू होतो. नेमक्या त्याच दिवसांत दुरुस्ती करणाऱ्यांकडे कामांची रांग असते आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानाला गरम पाणी हवे असते, म्हणून नवा गीझर आणण्याचा निर्णय घाईघाईने होतो. या घाईत अनेकदा उत्तम टाकी असलेला गीझर भंगारात जातो, तर काही घरांत टाकी सडलेल्या गीझरवर पुन्हा पुन्हा पैसे खर्च होत राहतात. पुढील मार्गदर्शन भिंतीवर बसवलेल्या, विजेवर चालणाऱ्या, १०, १५ किंवा २५ लिटर पाणी साठवणाऱ्या गीझरबद्दल आहे आणि ज्यांनी गीझर कधी उघडलेला पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी ते लिहिले आहे. गॅस गीझरचा विचार शेवटी वेगळा केला आहे, कारण तेथे प्रश्न पैशांपेक्षा जिवाचा असतो.

प्रथम आत काय असते ते पाहू. पाणी साठवणारी आतली टाकी हा गीझरचा मुख्य भाग होय. ती पोलादाची असून आतून काचेसारख्या एनॅमलचा लेप दिलेली असते, किंवा स्टेनलेस स्टीलची असते. जुन्या गीझरमध्ये ती तांब्याचीही आढळते. टाकीभोवती उष्णता धरून ठेवणारा फोम असतो आणि त्यावर बाहेरचे कवच असते. टाकीत पाणी तापवणारे एलिमेंट असते, ज्याला सगळे कॉइल म्हणतात. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो निकामी झाल्यास संरक्षण देणारा थर्मल कटआउट, लेप दिलेल्या पोलादी टाकीत गंजापासून रक्षण करणारी मॅग्नेशियमची कांडी, आणि थंड पाण्याच्या नळीवर बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह हे उरलेले महत्त्वाचे भाग होत. यांपैकी टाकी सोडून प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि तास-दीड तासात बदलता येतो. टाकी मात्र फोम आणि कवच यांच्यासह एकजीव केलेली असते. तिला झाळ लावली तरी आतला लेप परत मिळत नाही आणि गळती काही आठवड्यांत शेजारून सुरू होते. म्हणून दुरुस्ती की बदल हा प्रश्न प्रत्यक्षात टाकी शाबूत आहे की नाही, या एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : वीज बंद करून माहितीची पाटी वाचणे

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी गीझरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. मुख्य पेटीतील गीझरची एमसीबी (वीज तोडणारी कळ) खाली करावी. काही जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असते आणि बटण बंद असतानाही गीझरपर्यंत वीज पोहोचलेली असते. त्यानंतर तास-दोन तास पाणी निवू द्यावे.

गीझरच्या बुडाशी किंवा बाजूला माहितीची पाटी असते. तिच्यावर किती लिटरचा, किती वॉटचा, किती दाब सहन करणारा आणि बहुधा कोणत्या महिन्यात व वर्षात तयार झालेला, हे लिहिलेले असते. या चारही गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. अनेक कंपन्या संपूर्ण यंत्रावर साधारण २ वर्षांची, एलिमेंटवर त्याहून अधिक आणि टाकीवर ५ ते ७ वर्षांची हमी देतात. त्यामुळे सहा वर्षांचा गीझर गळू लागला तर तो टाकून देण्याआधी खरेदीचे बिल शोधावे. टाकीची हमी शिल्लक असतानाही केवळ बिल हाताशी नसल्याने लोक नवा गीझर विकत घेतात, हे फार वेळा घडते. कंपनीने हमी नाकारली आणि ते पटले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

वय महत्त्वाचे आहे, परंतु ते पाण्याच्या प्रतीसह पाहावे लागते. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा यांसारख्या धरणांचे मृदू पाणी मिळते. तेथे दहा-बारा वर्षे चाललेला गीझर आतून बराच स्वच्छ सापडू शकतो. पुण्याच्या वाढत्या उपनगरांत, मराठवाड्यात किंवा विदर्भात जेथे बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते, तेथे पाच वर्षांतच आत चुन्याचा थर जमतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. आपल्या बोअरच्या पाण्याच्या चाचणीचा अहवाल सोसायटीकडे असेल तर त्यातील हा आकडा जरूर पाहावा. कोकणात आणि गोव्यात प्रश्न वेगळा आहे. जांभ्या खडकातील विहिरींचे पाणी मृदू पण काहीसे आम्लधर्मी असते आणि हवा खारी असते, त्यामुळे तेथे क्षारांपेक्षा गंजच गीझरचा शत्रू ठरतो.

दुसरी पायरी : पाणी नेमके कोठून गळते ते शोधणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण याच ठिकाणी सर्वाधिक चुकीचे निर्णय होतात. गीझरखाली पाणी दिसले की टाकी फुटली असे गृहीत धरले जाते, पण ते पाणी चार ठिकाणांहून येऊ शकते आणि चारांपैकी तीन ठिकाणे किरकोळ दुरुस्तीची आहेत.

पहिले ठिकाण म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापले की प्रसरण पावते. २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवताना पाण्याचे आकारमान सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते, म्हणजे १५ लिटरच्या गीझरमध्ये साधारण २०० मिलिलिटर, जवळजवळ पेलाभर पाणी जास्तीचे होते. व्हॉल्व्हमध्येच पाणी मागे न जाऊ देणारी झडप असल्याने हे पाणी मागे गच्चीवरील टाकीकडे जाऊ शकत नाही आणि थेंबथेंब बाहेर पडते. गीझर तापत असतानाच ठिबकत असेल आणि इतर वेळी कोरडा राहत असेल, तर तो बिघाड नाही. व्हॉल्व्ह आपले काम करत आहे. त्या छिद्रात बूच किंवा एम-सील भरून ठिबकणे बंद करणे अत्यंत धोकादायक आहे, कारण थर्मोस्टॅट अडकला तर वाढणाऱ्या दाबाला वाट उरत नाही आणि टाकी फुटू शकते. व्हॉल्व्ह चोवीस तास गळत असेल, तर तो झिजला आहे किंवा इमारतीतील पाण्याचा दाब जास्त आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) असतो. गच्चीवरील टाकीपासून दहा-बारा मजले खाली राहणाऱ्यांनी किंवा प्रेशर पंप असलेल्यांनी पाटीवरचा दाबाचा आकडा तपासून पाहावा.

दुसरे ठिकाण म्हणजे नळ्यांचे सांधे. कोरड्या फडक्याने दोन्ही नळ्या पुसाव्यात, सांध्यांभोवती टिश्यू पेपर गुंडाळावा आणि अर्ध्या तासाने पाहावे. कागद ओला झाला असेल, तर नळी किंवा तिचा वॉशर बदलून काम भागते.

तिसरे ठिकाण एलिमेंटच्या बैठकीखालचे रबरी गॅस्केट. खालचे झाकण काढल्यावर वर्तुळाकार बैठकीच्या कडेने पांढरे किंवा हिरवट ओघळ दिसले, तर गॅस्केट कडक झाले आहे असे समजावे. हे झाकण प्रशिक्षित माणसाकडूनच उघडून घ्यावे, पण उघडल्यावर आत डोकावून पाहण्याचा हक्क ग्राहकाचा आहे आणि तो बजावावा.

ही तिन्ही ठिकाणे कोरडी असताना कवचाच्या शिवणीतून किंवा तळाच्या छिद्रांतून तांबूस पाणी येत असेल, आतला फोम भिजून फुगला असेल, तर टाकीला भोक पडले आहे. येथे दुरुस्तीचा विचार थांबवावा. कारागीर झाळून देण्याची तयारी दाखवेल, पण त्यावर पैसा घालू नये.

गंजाची आणखी एक सोपी पडताळणी घरच्या घरी करता येते. एका पांढऱ्या भांड्यात थंड पाणी आणि दुसऱ्यात गीझरचे पाणी घ्यावे. दोन्ही पिवळट-तांबूस असतील, तर दोष गच्चीवरच्या टाकीत किंवा जुन्या लोखंडी नळांत आहे आणि नवा गीझर आणूनही पाणी तसेच येईल. फक्त गरम पाणी तांबूस असेल, तर मॅग्नेशियमची कांडी संपली असून टाकी गंजू लागली आहे. गळती नसताना हे लवकर लक्षात आले, तर कांडी बदलून आणखी काही वर्षे मिळू शकतात. पाण्यात पांढरे कण दिसले, तर ते क्षार आहेत, गंज नव्हे.

तिसरी पायरी : पाणी तापत नाही, ही तक्रार मोजून पाहणे

कमी तापण्याची तक्रार पुष्कळदा गीझरची नसून ऋतूची असते. टाकीत ६० अंशांचे १५ लिटर पाणी आहे असे धरू. मे महिन्यात नळाचे पाणी २८ अंशांचे असेल, तर त्यात विसण घालून ४० अंशांचे आंघोळीचे पाणी सुमारे ४० लिटर होते. जानेवारीत नाशिकला किंवा विदर्भात नळाचे पाणी १८ अंशांचे असेल, तर त्याच टाकीतून २८-२९ लिटरच मिळते. गीझर तोच आणि तितकाच चांगला असतो. घरात माणसे वाढली असतील किंवा बादलीऐवजी मोठा शॉवर बसवला असेल, तरीही हाच अनुभव येतो. त्यावर दुरुस्ती हा उपाय नाही, मोठ्या आकाराचा गीझर हा उपाय आहे.

खरा बिघाड ओळखण्यासाठी वेळ मोजावा. २००० वॉटचा गीझर १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत सुमारे २१ मिनिटांत तापवतो. २५ लिटरला सुमारे ३५ मिनिटे लागतात. विजेचा दाब २३० ऐवजी २०० व्होल्ट असेल, तर एलिमेंटची शक्ती जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटते आणि २१ मिनिटांची २८ होतात. ग्रामीण भागात कृषिपंप चालू असण्याच्या वेळी हे सर्रास घडते, त्यामुळे निष्कर्षापूर्वी रात्री उशिरा पुन्हा मोजावे.

दिवा लागतो पण पाणी थंडगारच राहते, याचा अर्थ बहुधा एलिमेंट जळाले आहे. मल्टिमीटरने (विजेची मोजमापे घेणाऱ्या उपकरणाने) त्याचा रोध मोजला तर २००० वॉटच्या एलिमेंटचा तो २६ ओहमच्या आसपास यावा. अनंत आला तर एलिमेंट तुटले आहे. पाणी थोडे तापून दिवा लवकर बंद होत असेल, तर थर्मोस्टॅट बिघडला आहे किंवा त्याच्या नळीभोवती क्षार जमले आहेत. पाणी कढत होऊन वाफ येत असेल, तर थर्मोस्टॅट वीज तोडत नाही. अशा वेळी गीझर ताबडतोब बंद ठेवावा. थर्मोस्टॅट मिळत नाही म्हणून तारा 'डायरेक्ट' जोडून देणाऱ्या कारागिराला तिथेच थांबवावे, दिवाळी उद्यावर आली असली तरीही.

क्षारांबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. क्षार जमल्याने विजेचे बिल दुप्पट होते असे सांगून गीझर बदलायला लावले जाते. एलिमेंट पाण्यात बुडालेले असल्याने त्याची उष्णता थरातून का होईना, शेवटी पाण्यातच जाते. बिलावर परिणाम फार थोडा होतो. क्षारांचे खरे नुकसान म्हणजे थराखाली एलिमेंट प्रमाणाबाहेर तापते आणि लवकर जळते. तापताना येणारा खडखड किंवा सूं असा आवाज ही त्याची खूण असते. यावर उपाय म्हणजे टाकी उघडून क्षार काढणे, आणि बोअरचे पाणी असेल तर हे काम दर दोन वर्षांनी करून घेणे.

चौथी पायरी : शॉक बसत असेल तर

नळाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर त्या क्षणापासून गीझर वापरू नये. एलिमेंटच्या बाहेरच्या नळीला तडा गेल्याने वीज पाण्यात उतरते, हे झाले एक कारण. पण अर्थिंग नीट असते तर ती वीज जमिनीत गेली असती आणि आरसीसीबी (गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारी कळ) असती तर तिने पुरवठा तोडला असता. म्हणजे शॉक बसतो तेव्हा दोष एकापेक्षा अधिक ठिकाणी असतो. फक्त गीझर बदलणारे कुटुंब काही वर्षांनी त्याच धोक्यात पुन्हा सापडते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. गीझर दुरुस्त करायचा ठरो वा बदलायचा, हा खर्च टाळू नये. प्लग काळा पडला असेल किंवा जळका वास येत असेल, तर १६ अँपिअरचे सॉकेट आणि तार बदलावी. त्यात गीझरचा काही दोष नसतो.

पाचवी पायरी : हिशेब

टाकी शाबूत आहे असे ठरले की मग पैशांचा विचार करावा. माझे मत असे आहे की, गीझर पाच वर्षांच्या आतला असेल तर दुरुस्तीच करावी. पाच ते आठ वर्षांचा असेल, तर दुरुस्तीचा एकूण खर्च तेवढ्याच आकाराच्या नव्या गीझरच्या एक-तृतीयांशाच्या आत असावा. आठ वर्षांपुढील गीझरवर गॅस्केट, व्हॉल्व्ह किंवा थर्मोस्टॅट यांपैकी एखाद्याच भागापुरता खर्च करावा. एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि कांडी असे सगळे एकदम बदलावे लागत असेल, तर नवा घ्यावा. समजा नवा गीझर बसवून ९,००० रुपयांना पडतो आणि नऊ वर्षांच्या गीझरला ३,५०० रुपयांचे काम सांगितले आहे. त्या कामानंतरही टाकी नऊ वर्षांचीच राहते, हे लक्षात घेतले तर निर्णय अवघड नाही. मात्र तांब्याच्या जाड टाकीचा जुना गीझर सुस्थितीत असेल, तर वयाची ही मर्यादा मी सैल करेन.

वीज वाचेल म्हणून गीझर बदलावा का, या प्रश्नाचे उत्तर वापरावर अवलंबून आहे. चार माणसांच्या आंघोळीसाठी २२ अंशांचे ८० लिटर पाणी ४० अंशांपर्यंत न्यायला रोज सुमारे १.७ युनिट, महिन्याला पन्नासच्या आसपास युनिट लागतात. पाच स्टारचा गीझरही यात कपात करू शकत नाही. स्टारचा फरक पडतो तो साठलेले पाणी निवताना वाया जाणाऱ्या उष्णतेत. आंघोळीपूर्वी अर्धा तास गीझर लावून नंतर बंद करणाऱ्या घरात ही बचत नगण्य असते. दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्या घरात, विशेषतः जुना फोम भिजून बाद झाला असेल तर, ती जाणवण्याइतकी असते. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांनंतर दर चढतो, म्हणून वाचलेले युनिट वरच्या दराचे असते, हेही हिशेबात धरावे.

गॅस गीझरसाठी वेगळा निकष

गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत बसवलेला असेल, तर तो नवा असो वा जुना, तेथून काढावा. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळ करणारा माणूस मदतीला हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडू शकतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत असेल तरच दुरुस्तीचा विचार करावा. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसणे, कवचावर काजळी धरणे किंवा पाणी बंद केल्यावरही ज्योत न विझणे, ही लक्षणे दिसली आणि गीझर पाच-सहा वर्षांचा असेल, तर बदलणे हेच योग्य. फक्त ज्योत पेटत नसेल, तर आधी बॅटरीचे सेल बदलून पाहावेत.

निर्णयानंतर

दुरुस्ती ठरली तर सुटे भाग त्याच मॉडेलचे आणि बिलासह घ्यावेत, जुने भाग आपल्या ताब्यात मागावेत, आणि टाकी उघडलीच आहे तर क्षार काढून कांडीही पाहून घ्यावी. काम झाल्यावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वीज लावण्याआधी टाकी भरणे. गरम पाण्याचा नळ उघडून ठेवावा, हवा फसफसत निघून अखंड धार येऊ लागली की नळ बंद करून मगच बटण लावावे. कोरड्या टाकीत लावलेले नवे एलिमेंट काही मिनिटांत जळते.

नवा घ्यायचा ठरला तर आकार माणसांनुसार, दाब मजल्यानुसार आणि टाकी पाण्यानुसार निवडावी. बोअरच्या पाण्यासाठी चांगल्या लेपाची टाकी आणि जाड कांडी असलेला गीझर घ्यावा. उंच इमारतीत ८ बारचा आग्रह धरावा. २५ लिटरचा भरलेला गीझर ३५ किलोच्या आसपास भरतो, म्हणून सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीवर साधे खिळे-बोल्ट न वापरता त्या ब्लॉकसाठीचे खास फास्टनर लावून घ्यावेत. जुन्या गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि नळ्या नव्याला लावू देऊ नयेत. जुना गीझर दुकानदाराला बदलीत देण्यापूर्वी टाकी तांब्याची आहे का ते पाहावे, कारण तांब्याला भंगारात मिळणारी किंमत बदलीच्या सवलतीपेक्षा अधिक असू शकते. नव्या गीझरचे बिल आणि हमीपत्र यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि बसवल्याची तारीख पुसली न जाणाऱ्या पेनाने कवचावरच लिहावी.